अर्धा कोरा दगड

शुक्रवारी दुपारी डोंगरावर जो पाऊस धरला, तो काही केल्या हलेना. खालची खाडी दिसेनाशी झाली, समोरच्या घरांची लाल कौलं दिसेनाशी झाली, आणि मालजाबाई आपल्या चादरींचे कोपरे ताणून ताणून बसवतच होत्या. तेहतीस वर्षं हॉस्पिटलात खाटा लावलेल्या बाई त्या. चादरीला एक सुरकुती राहिली तर त्यांना घास गिळवत नसे.

भाऊ यायचा होता. एकटा नव्हे, बायको, मुलगा, सून आणि नात, अशी सगळी फौज घेऊन, शनिवार-रविवार राहायला. त्यांचं निमित्त इथल्या, म्हणजे कोरियातल्या या जर्मन गावातल्या, बिअरच्या जत्रेचं. मालजाबाईंचं वेगळं होतं. त्यांना भावाकडे एक गोष्ट मागायची होती: माहेरच्या डोंगरावर, आईच्या थडग्याच्या पायथ्याशी, हातभर जागा. मेल्यावर राख ठेवायला. शहात्तर वर्षांत त्यांनी भावाकडे काही मागितल्याचं कुणाला आठवत नाही, आणि त्यांच्या मते हेही काही मागणं नव्हतं. पण रीत म्हणून विचारायला हवं. थडग्यांचा धनी मुलगा. लग्न होऊन गेलेल्या मुलीला तिथे तोंड नाही.

रीत तरी काय, नावापासूनच ठरलेली. तिसरी मुलगी झाली तेव्हा बापाने नाव ठेवलं मालजा, म्हणजे शेवटची. मुली आता पुरे, हे त्याने वरच्याला असं कळवलं. वरच्याने ऐकलं, आणि पाच वर्षांनी ग्युतेक झाला. थोरल्या दोघी बहिणी लहानपणीच तापाने गेल्या. मग राहिली ही नको असलेली आणि तो हवा असलेला. त्याला शिकवायचं होतं, म्हणून ही बावीस वर्षांची पोर नर्स होऊन विमानात बसली आणि थेट जर्मनीत, डॉर्टमुंडला उतरली. ग्युतेक शिकला, मास्तर झाला, हेडमास्तर झाला. आईबापाच्या थडग्यांसाठी तो डोंगराचा तुकडा घेतला, तोही मालजाच्या रात्रपाळ्यांवरच. हे ती कधी बोलली नाही, आणि तोही बोलला नाही, ही गोष्ट वेगळी.

आई गेली अठ्ठ्याऐंशी साली. तार मिळून, रजा मिळून, विमान मिळून मालजाबाई पोचल्या तोवर पाचवा दिवस उजाडला होता. आपल्याकडे तीन दिवसांत सगळं उरकतात. शेकडो जर्मन म्हाताऱ्यांना त्यांनी शेवटची आंघोळ घातली होती, नखं काढली होती, केस विंचरले होते, आणि स्वतःच्या आईला मात्र त्यांचा हात लागला नाही. हे दुःख त्या बाईच्या छातीत जे बसलं ते बसलंच. त्या दिवशी ओल्या मातीच्या उंचवट्याशी बसून त्यांनी आईला सांगितलं होतं, की उशीर झाला खरा, पण शेवटी मी इथेच येईन, तुझ्या पायाशी.

होर्स्टलाही हे ठाऊक होतं. होर्स्ट म्हणजे त्यांचा नवरा, डॉर्टमुंडला ट्राम चालवायचा. पाय मोडून हिच्या वॉर्डात पडला आणि पाय बरा झाल्यावरही दर रविवारी केक घेऊन यायला लागला, असं ते लग्न. मूलबाळ झालं नाही. माणूस सरळ, कमी बोलणारा, बिअर मोजून पिणारा. आजार कळला तेव्हा त्याने गुपचूप जाऊन दफनभूमीत दोघांसाठी जागा घेऊन ठेवली. मालजाबाई त्याच्यावर उखडल्या.

"मी नाही हं तिथे झोपणार," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडे मेलेल्या माणसानेसुद्धा भाडेकरू म्हणून राहायचं. पंचवीस वर्षं झाली की उठा, जागा खाली करा. आमच्याकडे असलं काही नसतं. माझी आई तिच्या डोंगरावर आहे ती आहे."

"बरं," तो म्हणाला. "पण जागा असू दे. तुझ्या डोंगरावर फार पाऊस असला तर येशील."

नव्याण्णव साली तो गेला. त्याच्या दगडावर डाव्या बाजूला त्याचं नाव कोरलं, आणि उजवी बाजू त्याने सांगून ठेवल्याप्रमाणे कोरी ठेवली.

त्यानंतर चार वर्षांनी इकडच्या जिल्ह्याच्या साहेबांना सुचलं, की पोटासाठी जर्मनीला गेलेल्या नर्सा आणि खाणकामगार आता म्हातारपणी परत यायचं म्हणतात, तर त्यांना एका डोंगरावर वसवावं. अट एकच: घर जर्मन दिसलं पाहिजे. कौलं जहाजाने तिकडून आणली, दारं आणली, खिडक्या आणल्या. मालजाबाईही आल्या. आईचा डोंगर तिथून गाडीने पाऊण तासावर, एवढंच बघून आल्या. पण गाव वसतं न वसतं तोच बसा भरून माणसं यायला लागली ती कायमचीच. फाटक ढकलून अंगणात शिरतात, खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघतात. एका बाईने तर मालजाबाईंना विचारलं, "आजी, इथे खरंच कुणी राहतं, की नुसतं दाखवायला ठेवलंय?" डॉर्टमुंडला तेहतीस वर्षं लोक मालजाबाईंना कोरियन म्हणाले. इथे वीस वर्षं झाली, पोरंटोरं जर्मन म्हातारी म्हणतात.

या वर्षी वसंतात डॉर्टमुंडहून पत्र आलं. होर्स्टच्या जागेची पंचवीस वर्षांची मुदत शरदात संपते, वाढवायची का? ऑगस्टअखेर कळवा. मालजाबाईंनी ते पत्र फ्रिजवर लावलं आणि चार महिने येता-जाता बघितलं. मन होईना. पण हिशेब सरळ होता: मी आईपाशी जाणार, तर तिकडे जागा अडवून काय करायची? होर्स्टला तरी एकट्याला दोघांची जागा कशाला? ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्यांनी "नको"च्या चौकटीत फुली मारली आणि पत्र टाकलं. भावाला विचारायचं राहिलं होतं, पण भाऊ काय नाही म्हणणार आहे?

शनिवारी बाराच्या सुमाराला गाडी आली. हेडमास्तर ग्युतेक, वय एकाहत्तर, पोट सांभाळत उतरला. त्याची बायको इन्सुक, हातात फळांची पेटी. मुलगा दोक्यू, त्याची बायको बोरा, आणि सहा वर्षांची नात, जिला गाडी लागली होती.

"काय हे हवामान वन्सं," इन्सुक म्हणाली. "जरा आधी कळवायचं ना, पाऊस आहे म्हणून."

"पावसाला मी बोलावलं नाही गं. पायपुसण्यावर पाय पुसा, सगळ्यांनी. दोन्ही पाय."

बोराने आल्याआल्या फोन काढून जिना, पडदे, भिंतीवरचं घड्याळ यांचे फोटो घ्यायला सुरुवात केली. "आत्या, अगदी सिनेमातल्यासारखं आहे तुमचं घर," ती म्हणाली. "आम्ही उगाच दर वर्षी परदेशात जायचं म्हणतो."

जत्रेच्या चौकात त्या दिवशी काही होण्यासारखं नव्हतं. मांडवाचं कापड वाऱ्याने फाटलं होतं, बँडवाले सॉसेजच्या दुकानात दाटीवाटीने बसून राहिले होते. मग घरातच सगळे. आणि पाऊस म्हटल्यावर आपल्याकडे दुसरं काय करतात? मालजाबाईंनी तवा ठेवला, पातीच्या कांद्याची धिरडी टाकायला घेतली, तांदळाच्या दारूची किटली मधे ठेवली. ग्युतेकने मांडी ठोकली, दोन वाट्या पोटात गेल्या तसा तो शाळेतले किस्से सांगायला लागला. मालजाबाई तव्यापाशी उभ्या राहून हसत होत्या. घर भरलेलं होतं. त्यांना बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, आणि म्हणूनच त्यांनी तेव्हाच विचारलं.

"ग्युतेक, एक बोलायचंय."

"बोल की ताई. तुझ्या घरात बसून तुझीच धिरडी खातोय, ऐकणार नाही तर जाणार कुठे?"

"आईच्या पायाशी मला जागा हवी. राख ठेवायला, हातभर. उंचवटा नको, दगड नको, काही नको."

इन्सुकने उगाच किटलीचं झाकण काढून आत बघितलं. दोक्यूने फोन उचलला आणि परत पालथा ठेवला.

"काय घाई आहे तुला?" ग्युतेक म्हणाला. "अजून वीस वर्षं तू आमच्या उरावर बसणार आहेस."

"बसणारच आहे. पण त्यानंतरचं विचारतेय."

"बघू ना."

"बघू काय त्यात? मुलगी सासरची, तिला माहेरच्या डोंगरावर जागा नाही, असं म्हणायचं असेल तर तसं म्हण. माझं सासर ट्रामच्या रुळांवर होतं बाबा. तिथे मला कोण विचारतं?"

ग्युतेक हसला. जरा जास्तच हसला. मग वाटीतली दारू संपवून म्हणाला, "हो गं ताई. होईल. तुझीच जागा आहे ती."

एवढं ऐकल्यावर मालजाबाईंनी तव्यावरचं सगळ्यांत मोठं धिरडं उचलून भावाच्या ताटात वाढलं. "मग उद्या जाताना मला तिकडून न्या," त्या म्हणाल्या. "गुडघे चढू देत नाहीत, तीन वर्षं झाली वर जाऊन. पण मी खाली गाडीत बसेन, आणि दोक्यू छत्री घेऊन वर जाईल. मी खालून सांगेन, इथे नको, थोडं अलीकडे. छत्री रोवून खूण करायची."

"आत्या, उद्याही पाऊस आहे," दोक्यू म्हणाला. "तिकडची वाट सगळी चिखल असेल."

"वन्सं, गुडघ्यांना ओल बाधते," इन्सुक म्हणाली.

"पुढच्या महिन्यात जाऊ," ग्युतेक म्हणाला. "ऊन पडलं की."

तिघांनी तीन कारणं दिली, आणि मालजाबाईंना वाटलं काळजीने बोलताहेत. पाहा आता. खुशीत असलं की शहाणं माणूससुद्धा ऐकायचं तेवढंच ऐकतं. भांडी घासताना त्या तोंडातल्या तोंडात जर्मन गाणं गुणगुणत होत्या, ते बोराने चोरून फोनमध्ये टिपूनसुद्धा घेतलं.

रविवारी सकाळी पाऊस जरा ओसरला. मंडळी चौकात गेली. तिथे एका दुकानात जर्मन पोशाख भाड्याने मिळतात, तासाच्या हिशेबाने. ते घालून फोटो काढायचे हे बोराने घरून ठरवूनच आणलं होतं. मालजाबाई मागे राहिल्या. त्यांना दुपारचा बेत सोडवेना. चिखल आहे की नाही, हे घरात बसून कसं कळणार? त्यांनी माहेरच्या गावी बांगदादांना फोन लावला. बांगदादा म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी राहणारे म्हातारे, लहानपणापासूनचे शेजारी. थडग्यांवरचं गवत कापायला दर वर्षी ग्युतेकला विळा तेच द्यायचे.

"बांगदादा, मी मालजा. वरची वाट कशी आहे? दुपारी येतोय आम्ही, आईकडे."

"कुणाकडे?"

"आईकडे हो. कानाचं यंत्र लावलं नाही का?"

"यंत्र लावलंय." पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. "मालजा, तुला कुणी सांगितलं नाही?"

"काय सांगायचं?"

"गेल्या वर्षी वसंतात अधिक महिना होता ना. त्यात थडगं काढलं की. दोघांचंही. खोदायचं यंत्र आणलं, एका सकाळीत झालं. दारू मीच शिंपडली."

आता हे आपल्याकडे नवीन नाही. अधिक महिन्यात पितरांचं खाली लक्ष नसतं, तेव्हा थडग्याला हात लावला तरी त्यांचा कोप होत नाही, म्हणून सगळे त्याच महिन्याची वाट बघतात. त्या वसंतात पंचक्रोशीतले निम्मे डोंगर असे मोकळे झाले. मालजाबाईंनाही हे माहीत होतं. लोकांच्या आया उकरल्या जातात हे त्यांनी ऐकलं होतं.

"राख कुठे ठेवली?" त्यांनी विचारलं. आवाज हॉस्पिटलातला होता, पेशंटला ताप किती विचारतात तसा.

"ठेवली नाही गं. हाडं जाळतात त्या भट्टीच्या मागे ती सगळ्यांची जागा असते ना, तिथे टाकली. तुझा भाऊ म्हणाला, ताईला विचारलंय, ती तिकडच्या रीतीची झाली, तिला चालतं. मला वाटलं तुला ठाऊक आहे." म्हातारा खोकला. "हाडं फार नव्हतीच. एक कंगवा निघाला. शिंगाचा. तुझ्या जर्मनीचा असावा."

तो त्यांचाच होता. पहिल्या वर्षी पाठवलेला. आईने तो वापरला नाही, रुमालात बांधून ठेवला, हे मालजाबाईंना माहीत होतं. बरोबर पुरला हे माहीत नव्हतं.

"कुणी घेतला तो?"

"कोण घेणार? खड्ड्यात परत टाकला आणि बुजवलं. आता तिथे त्या उन्हाच्या विजेच्या काचा बसवल्यात, अख्ख्या उतारावर. तू खरंच येऊ नकोस गं. बघवणार नाही."

फोन ठेवून मालजाबाई खुर्चीवर बसल्या. मग त्यांनी चष्मा लावला आणि फोनमधले फोटो काढले. शरदातल्या पौर्णिमेला दोक्यू दर वर्षी फोटो पाठवायचा: गवत कापलेला उंचवटा, पुढे मांडलेली फळं, दारूची बाटली. गेल्या वर्षीचा फोटो. या वर्षीचा फोटो, तीन आठवड्यांपूर्वीचा. आणि गेल्या वर्षीच्याही आदल्या वर्षीचा. तिन्हींत बाटली एकाच जागी, एकाच बाजूला कललेली. एकच फोटो तीनदा. या वर्षी मालजाबाईंनी पाइनच्या पानांवर उकडलेले तांदळाचे लाडू कुरिअरने पाठवले होते, आईपुढे ठेवायला. ते कुणी खाल्ले असतील याचा विचार त्यांच्या मनात आला, आणि लाजेने त्यांचे कान तापले. त्यांची लाज होती का ती? पण वाटली त्यांनाच.

अकराला मंडळी परतली. पाऊस परत जोरात सुरू झाला होता. ग्युतेक सगळ्यांच्या पुढे, गुडघ्यापर्यंतची चामड्याची चड्डी, त्यावर नक्षीचे पट्टे, डोक्याला पीस खोचलेली टोपी. दारातच त्याने कमरेवर हात ठेवले. "काय ताई, दिसतो का तुझ्या होर्स्टसारखा?"

"होर्स्टने असलं कधी घातलं नाही," मालजाबाई म्हणाल्या. "बांगदादांना फोन केला होता मी."

ग्युतेकचे हात कमरेवरून खाली आले. इन्सुकने नातीला पुढे घातलं आणि आतल्या खोलीत नेलं. दोक्यू दारातच राहिला, पायपुसण्यावर पाय पुसत, दोन्ही पाय, पुन्हा पुन्हा.

"ताई, ऐकून घे," ग्युतेक म्हणाला. "मी सत्तरी ओलांडली. दर वर्षी वर चढून गवत कोण कापणार? हा? याला विळा कुठून धरायचा ते ठाऊक नाही. माझ्यामागे तिथे जंगल माजलं असतं, रानडुकरांनी उकरलं असतं. सगळेच काढताहेत. अधिक महिना काय रोज येतो?"

"मला का सांगितलं नाहीस?"

"तू रडली असतीस."

"रडले असते. माझी आई होती ती. मी रडले असते, येऊन बसले असते, तिची हाडं माझ्या हाताने पुसली असती. एकदा राहिलं होतं माझं. दुसऱ्यांदा हातात आलं होतं, तेही तू घालवलंस."

"अगं, तू म्हणजे..." त्याने टोपी काढली. "लग्न होऊन गेलेल्या बहिणीला बोलावत नाहीत अशा कामाला. कुणीच बोलावत नाही."

"मग बांगदादांना कशाला सांगितलंस, मला विचारलंय म्हणून?"

ग्युतेकने टोपीतलं पीस सरळ केलं.

"आणि फोटो?"

"मी पाठवले, आत्या," दोक्यू दारातून म्हणाला. "बाबा म्हणाले, तेवढाच त्यांना आनंद."

"आणि काल हो का म्हणालास, ग्युतेक? तुझीच जागा आहे, म्हणालास."

हेडमास्तर जमिनीकडे बघत होता. "तू एवढी खुशीत होतीस," तो म्हणाला. "एवढी धिरडी केली होतीस. जेवताना कसं सांगणार?"

मालजाबाई त्याच्याकडे बघत राहिल्या. एकाहत्तर वर्षांचा माणूस, पांढऱ्या पिंढऱ्या, चामड्याची चड्डी, हातात पिसाची टोपी. लहानपणी त्याचं नाक याच बाईने पुसलं होतं. तेवढ्यात खिडकीशी काहीतरी चमकलं. बाहेर प्लास्टिकचे रेनकोट घातलेले चारपाच लोक काचेला नाक लावून उभे होते, आणि त्यातला एकजण ग्युतेकचा फोटो घेत होता. अंगणातलं फाटक जत्रेत उघडं ठेवायचं असा गावसमितीचा नियमच आहे.

"जा, कपडे बदलून ये," मालजाबाई म्हणाल्या. "त्या चड्डीत माझ्या आईबद्दल बोलू नकोस."

तो गेला. बदलून आला तो थेट बॅगा आवरायलाच लागला. दुपारचं जेवण कुणाला नको होतं. सामान गाडीत भरताना इन्सुक मागे रेंगाळली. तिला वाईट वाटत होतं, नाही असं नाही.

"वन्सं, आम्ही दोघांनी आमच्यासाठी शहरातल्या राखघरात कप्पे घेतलेत," ती म्हणाली. "काचेचं दार, छान दिवा वगैरे. तुमच्यासाठीही विचारते. पंधरा वर्षांची मुदत असते, मग पुढे वाढवून मिळते."

मालजाबाई हसल्या. इन्सुकला कळेना यात हसण्यासारखं काय आहे. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी त्या फाटकाशी छत्री न घेता उभ्या होत्या, आणि कुणीतरी त्यांना विचारत होतं की सॉसेजचं दुकान कुठल्या बाजूला आहे.

सोमवारी चार वाजता, तिकडे सकाळ झाल्यावर, त्यांनी डॉर्टमुंडला फोन लावला. दफनभूमीच्या कचेरीतली मुलगी बोलायला गोड होती. मालजाबाईंनी होर्स्टचं नाव सांगितलं, ओळ सांगितली, नंबर सांगितला. ऑगस्टमध्ये पत्र पाठवलं होतं, त्यात चूक झाली, म्हणाल्या. मुदत वाढवायची आहे. दोघांसाठी.

"थांबा हं," मुलगी म्हणाली. कागद चाळल्याचा आवाज आला. "आपलं पत्र मिळालं. जागा पंधरा दिवसांपूर्वी मोकळी केली. मला फार वाईट वाटतं."

"होर्स्ट कुठे आहे?"

"ते आहेत तिथेच, जमिनीत. फक्त वर आता काही नाही. त्या ओळीतून नवी वाट काढणार आहेत, त्यामुळे ती जागा परत देता येत नाही."

मालजाबाईंना पंचवीस वर्षांपूर्वीचं ते बोलणं आठवलं, फार पाऊस असला तर येशील, आणि त्या फोनवर रडल्या. आईसाठी कालपासून एक थेंब आला नव्हता. तो सगळा होर्स्टसाठी आला. त्या ज्याला भाडेकरू म्हणून हसल्या होत्या, त्याने पंचवीस वर्षं त्यांची जागा राखून ठेवली होती, आणि त्यांनीच आपल्या हाताने फुली मारून त्याला उठवला होता. पलीकडच्या मुलीने बिचारीने फोन ठेवला नाही.

"दगड?" शेवटी त्यांनी विचारलं.

"दगड अजून अंगणात आहे, भिंतीला टेकवून. फोडायला जायचा आहे. खरं तर कारागीर विचारत होता, काम अर्धंच का सोडलंय म्हणून. एक बाजू कोरीच आहे."

"फोडू नका," मालजाबाई म्हणाल्या. "मी नेते."

शेजारचे सॉकदादा, जुने खाणकामगार, दर वसंतात गावाच्या फुटक्या कौलांसाठी जहाजाने माल मागवतात. त्या मालात दगड आला. लाकडी पेटीत, भुश्शात, कौलांच्या आणि बिअरच्या पेल्यांच्या मधोमध. चौघांनी मिळून तो मालजाबाईंच्या अंगणात उभा केला. अंगणात माणूस पुरायला कायद्याने बंदी आहे. दगड उभा करायला नाही. गावसमितीचे अध्यक्ष येऊन बघून गेले आणि खूश झाले. घराला अगदी अस्सल शोभा आली, म्हणाले.

शरदात ग्युतेकचा फोन आला, तो त्यांनी उचलला, तब्येत विचारली, ठेवला. लाडू केले नाहीत.

आणि परत जत्रा आली, परत पाऊस आला, परत रेनकोटवाले आले. एक तरुण जोडपं अंगणात शिरलं. मुलीला दगड फार आवडला. तिने होर्स्टचं नाव अक्षर अक्षर लावून वाचून बघितलं, आणि दारात उभ्या असलेल्या म्हातारीला फोन पुढे करून म्हणाली, "आजी, आमचा एक फोटो काढाल का? दगडासकट."

मालजाबाईंनी हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि फोन घेतला. दोघं दगडाला टेकून उभे राहिले, गालाला गाल लावून, नेमके कोऱ्या बाजूपुढे.

"जरा पलीकडे सरका," मालजाबाई म्हणाल्या. "ती बाजू माझी आहे."

दोघं हसले. म्हातारी गमतीची आहे, असं त्यांना वाटलं. ते सरकले, आणि मालजाबाईंनी फोटो काढून दिला.